गावठाणाबाहेरचे घर

नवी मुंबईतील मूळ गावांविषयी जो सरकारी पत्रव्यवहार गेली अनेक वर्षे चालू आहे, त्यात एक शब्दप्रयोग रूढ होऊन बसला आहे. 'गरजेपोटी बांधलेली घरे' हा तो शब्दप्रयोग. मोर्च्यांच्या फलकांवर तो आहे, पुढाऱ्यांच्या भाषणांत तो आहे आणि मंत्रालयातून निघालेल्या शासन निर्णयांतही तो आहे. एका अर्थी शब्द दयाळू आहे. घर बांधणाऱ्याने ते लोभापायी बांधले नाही, निकडीने बांधले, एवढे त्यातून मान्य होते. परंतु त्याच शब्दाने आणखी एक गोष्ट नकळत कबूल करून टाकली जाते. ज्याची गरज असते त्याला सवलत द्यावयाची असते. ज्याचा हक्क असतो त्याला सवलत देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ज्या खळ्यात आजोबांनी भात झोडले, त्याच खळ्यात नातवाने दोन खोल्या उभ्या केल्या, तर तो घरमालक की अतिक्रमण करणारा, हा खरा वाद आहे. 'गरज' या शब्दाने तो वाद मिटत नाही. तो फक्त बाजूला सारला जातो.

बेलापूरच्या कोकण भवनात किंवा वाशीच्या बाजार समितीत नोकरी करणाऱ्या कित्येकांनी आयुष्यातील पहिली खोली नेरूळ, जुहूगाव, घणसोली वा तुर्भे यांसारख्या गावातच भाड्याने घेतलेली असते. रेल्वे स्थानकापासून सेक्टरांचे रुंद रस्ते ओलांडून गेले की एकाएकी गल्ली अरुंद होते, घराच्या भिंतीला घराची भिंत लागते, मध्येच एखादे कौलारू घर, त्याची ओटी आणि दारातले तुळशीवृंदावन दिसते, आणि शेजारी चार मजली इमारत दिसते जिच्या जिन्यात दिवसाही दिवा लावावा लागतो. शहरवासी या भागाला 'गाव' म्हणतात आणि त्या उच्चारात बहुधा कुरकुर असते. पाणी कमी, गटारे तुंबलेली, बांधकामे बेशिस्त. ही कुरकुर खोटी नाही. मात्र आजूबाजूच्या आखीव शहराच्या मधोमध हे बेट असे का राहिले, याचे उत्तर गावकऱ्यांच्या स्वभावात शोधणे चूक ठरेल. ते जमिनीच्या कागदांत शोधावे लागते आणि त्यासाठी थोडे मागे जाणे भाग आहे.

ठाण्याच्या खाडीपासून उरणच्या किनाऱ्यापर्यंतचा हा मुलूख प्रामुख्याने आगरी आणि कोळी समाजाचा. 'आगर' म्हणजे मिठाचे वा बागायतीचे क्षेत्र. आगरी हे नावच त्यावरून आले, असे सांगतात. इथली पुष्कळशी शेतजमीन निसर्गाने दिलेली नव्हती. खाडीच्या भरतीचे खारे पाणी अडवून, मातीचे बांध घालून, माणसांनी ती समुद्राकडून मिळविली होती. जुन्या कुलाबा जिल्ह्यात अशा जमिनीच्या धारणेला शिलोत्री हे स्वतंत्र नाव होते. बांध घालणे एकट्याचे काम नव्हे आणि तो राखणे तर नव्हेच. भरतीच्या जोराने बांधाला खांड पडली की ज्याचे शेत बुडाले त्याच्या एकट्याच्या हातून ती बुजत नसे. सगळ्या वाडीला चिखलात उतरावे लागे. उघाडीच्या झडपा केव्हा उघडावयाच्या आणि केव्हा मिटावयाच्या, याचा हिशेब गावाच्या ध्यानात असे. पावसाळ्यात भात, दिवाळीनंतर मिठागरांची बांधबंदिस्ती, उन्हाळ्यात मीठ आणि बाराही महिने खाडीतली कोलंबी, चिंबोरी, निवटी, असे ते जीवन होते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात बायका हाताने शिंपल्या वेचीत आणि टोपलीतून त्या पनवेल-उरणच्या बाजारात नेत. या मिळकतीचा फार थोडा भाग सातबाराच्या उताऱ्यावर उतरला होता. शेताचा क्रमांक उताऱ्यावर होता. बांध, उघाडी, गुरांचे रान, होडी लावण्याची जागा, जाळी सुकविण्याचे मैदान आणि ओहोटीचा चिखल यांपैकी एकाचीही नोंद कोणा कुटुंबाच्या नावे नव्हती. तरी त्यांच्याविना शेताच्या त्या क्रमांकाला फारसा अर्थ नव्हता.

आणि तो क्रमांक तरी नावावर येण्यास किती काळ लागला होता! कुलाबा जिल्ह्याच्या मोठ्या भागात खोतीचा अंमल होता. कसणारा कूळ, पिकाचा मोठा हिस्सा खोताचा. या अन्यायाविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली कुळांनी शेती न करण्याचा संप पुकारला आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तो सुमारे सहा वर्षे चालला. जगाच्या इतिहासात इतका प्रदीर्घ शेतकरी संप क्वचितच सापडेल. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करणारे विधेयक मांडले. प्रत्यक्षात खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. आणि १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिना'पासून कूळकायद्याने कसणाऱ्यास मालक मानले. मानले म्हणजे जमीन फुकट दिली असे नाही. कुळाला तिची किंमत मोजावी लागली आणि कायद्याने ती जास्तीत जास्त बारा वार्षिक हप्त्यांत भरण्याची मुभा दिली. ज्याची किंमत पहिल्याच वर्षी ठरली असे धरले, त्याचाही बारावा हप्ता १९६९ च्या आसपास फिटला असणार. ज्यांची प्रकरणे मामलेदार कचेरीत रेंगाळली, त्यांचे हप्ते तर पुढेच गेले असतील.

१९७० सालच्या प्रारंभी याच जमिनींवर भूसंपादनाच्या अधिसूचना निघाल्या. १७ मार्च १९७० रोजी शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सिडको, स्थापन झाले.

मुंबई बेटावरील गर्दीला खाडीपलीकडे वाट काढून द्यावी, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी साठच्या दशकाच्या मध्यास मांडली होती. कल्पना म्हणून ती दूरदृष्टीची होती, हे आज कोणीही नाकारणार नाही. सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि ९५ गावे तिच्या कक्षेत आली. या योजनेचे अर्थशास्त्र सोपे होते आणि तिच्या कर्त्यांनी ते लपविलेही नाही. शेतजमीन शेतीच्या भावाने घ्यावयाची, रस्ते-पाणी-वीज आणून तिचे भूखंड पाडावयाचे, ते शहराच्या भावाने विकावयाचे आणि मधल्या फरकातून शहर उभे करावयाचे. शहराचा खर्च सरकारी तिजोरीवर पडू नये, यासाठी योजलेली ही युक्ती होती. तिजोरीवर तो पडला नाही हे खरे. मग तो पडला कोणावर, हे ओघानेच येते.

भूसंपादनाचा कायदा १८९४ सालचा, परकीय सरकारने आपल्या सोयीसाठी केलेला. जमिनीचा भाव ठरवावयाचा तो अधिसूचनेच्या तारखेचा. निवाडा कितीही वर्षांनी होवो, भाव त्या तारखेला गोठलेला. वर सक्तीच्या खरेदीबद्दल शेकडा पंधरा टक्के दिलासा. भाताच्या खाचराचा १९७० सालचा भाव तो काय असणार? त्याच खाचरावर पुढे वसाहत उठली, पूल झाला, रेल्वे आली. वाढलेल्या किमतीतील एक पैही मूळ मालकाची, असे कायदा मानीत नव्हता. कायद्याच्या दृष्टीने त्याने शेत विकले होते. तेरा वर्षांपूर्वी जो कूळ मालक झाला होता, तो आता 'प्रकल्पग्रस्त' झाला. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त यांच्या पंक्तीला बसविणारा हा शब्द आहे. पूर आणि दुष्काळ आभाळातून येतात, प्रकल्प मात्र विधिमंडळाच्या संमतीने येतो, एवढा फरक सोडला तर तो चपखल म्हणावा लागेल.

दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली या भागात जे आंदोलन झाले, त्याचा इतिहास सर्वपरिचित आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात संसदेने १८९४ च्या कायद्यात दुरुस्ती केली. दिलासा पंधरावरून तीस टक्क्यांवर गेला आणि निवाडा दोन वर्षांत करण्याचे बंधन आले. हा केवळ योगायोग होता की देशभरच्या असंतोषाचा परिणाम, याची चर्चा इतिहासकारांनी करावी. या भागापुरते महत्त्वाचे फळ पुढे १९९० साली मिळाले, आणि १९९४ मध्ये त्याला व्यापक रूप आले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकास परत देण्याची ती योजना होय.

या योजनेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. जमिनीच्या वाढीव मोलात जमीन देणाऱ्याचा वाटा आहे, हे तत्त्व सरकारने त्या दिवशी मान्य केले, आणि देशात पुढे झालेल्या अनेक योजनांनी त्याचेच अनुकरण केले. परंतु तत्त्व मान्य करून तपशिलात ते कापीत नेण्याची प्रशासनाची जी जुनी हातोटी आहे, ती येथेही दिसली. सामाजिक सुविधांसाठी म्हणून साडेबारा टक्क्यांतून तीस टक्के वजा झाले. हाती उरले पावणेनऊ. शंभर गुंठे देणाऱ्यास पावणेनऊ गुंठे. तेही मालकीने नाही, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने! मुदतीच्या व अटींच्या बाबतीत पुढे सवलती देऊ करण्यात आल्या, तथापि मूळ व्यवहाराचे स्वरूप विसरता येत नाही. ज्याची जमीन घेतली, त्याच्याच जमिनीचा लहानसा तुकडा त्याला भाड्याने देण्यात आला आणि या कृतीला 'परतावा' हे नाव मिळाले. भूखंड हाती पडण्यास वर्षे लोटली. तोवर घरात लग्ने होती, आजारपणे होती. भूखंडाच्या आधीच त्याच्या 'फाइली'चा बाजार उभा राहिला. कुलमुखत्यारपत्रावर सही घेऊन दलाल फाइल नेई आणि ती तीन-चार हात बदलून बांधकाम व्यावसायिकाकडे जाई. त्या भूखंडावर आज जी इमारत दिसते, तिच्या नावाच्या पाटीवर मूळ शेतकऱ्याचे आडनाव शोधून सापडत नाही. शेतकऱ्याने पैसा उधळला, गाड्या घेतल्या, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. काहींनी उधळलाही. पण ज्याला आयुष्यभर दर वर्षाचे भात येत होते, त्याला एकाच दिवशी सर्व पिकांची रक्कम हातात देऊन 'आता सांभाळ' असे म्हणणे, ही त्याच्या शहाणपणाची परीक्षा होती की त्याच्यापासून मोकळे होण्याची घाई?

जमीन गेली, मोबदला आला, परतावाही अर्धामुर्धा आला. गाव मात्र जागेवरच राहिले. आणि आजचा तंटा त्या गावाचाच आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ सालचा. त्याच्या १२२ व्या कलमान्वये गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास आहे. गावठाणातील घराला सातबारा नसतो. तेथे भूमापन झाले असेल तर मिळकत पत्रिका असते. राज्यात इतरत्र वस्ती वाढली म्हणजे गावठाणाचा विस्तार करण्याची पद्धत आहे. कोठे थोडी उशिरा, कोठे अर्जविनंत्यांनंतर, पण वाट आहे. नवी मुंबईत ती वाटच बंद झाली, कारण गावठाणाच्या कुंपणापर्यंतची सर्व जमीन एका झटक्यात महामंडळाची झाली. हद्द तेथेच राहिली आणि माणसे वाढली. तीन भावांचे कुटुंब नऊ मुलांचे झाले, नऊ मुलांची लग्ने झाली आणि नवी खोली परसात, खळ्यात, आवाडात उभी राहिली. ती जागा घराण्याच्या वहिवाटीची होती, कागदावर महामंडळाची. अशा रीतीने एकाच घराची ओटी अधिकृत आणि स्वयंपाकघर अनधिकृत, असे विलक्षण प्रकार घडून आले. याच कायद्याचे विसावे कलम असे सांगते की, जी जमीन दुसऱ्या कोणाच्या मालकीची नाही ती राज्याची. वाचताना हे निरुपद्रवी वाटते. मालकी सिद्ध कोणी करावयाची आणि कोणत्या कागदाने, हा प्रश्न आला की त्याची धार लक्षात येते.

हे तत्त्व केवळ आपल्याकडचे नाही. समुद्रापलीकडे इंडोनेशियात, कॉफी पिकविणाऱ्या डोंगरी खेड्यांनी त्याची धार आपल्यापेक्षा आधी आणि आपल्यापेक्षा तीव्र अनुभवली आहे. पश्चिम सुमात्राच्या उंच प्रदेशात मिनांगकाबाऊ लोकांची वस्ती आहे. त्यांच्यात पिढीजात शेत आणि मोठे घर ही आईकडून मुलीकडे जाणारी, सबंध कुळाची मिळकत असते. एकट्या पुरुषाच्या सहीने ती विकता येत नाही. डच सरकारने १८४७ पासून सुमारे साठ वर्षे तेथील रयतेकडून ठरीव, स्वस्त भावाने सक्तीने कॉफी घेतली. ज्या जमिनीची मालकी कोणास सिद्ध करता येत नाही ती सरकारची, हे तत्त्व डचांनी १८७० साली जावामध्ये जाहीर केले आणि पुढे ते इतर बेटांनाही लावले. कुळाच्या सामाईक रानाची मालकी कोण आणि कोणत्या कागदाने सिद्ध करणार? देश स्वतंत्र झाल्यावर १९६० च्या जमीन कायद्याने परंपरागत सामाईक हक्क तत्त्वतः मान्य केला, परंतु राष्ट्रहिताच्या अटीवर. पारंपरिक समाजांची वने ही सरकारी वने नव्हेत, असा स्पष्ट निर्वाळा तेथील घटनात्मक न्यायालयाने दिला तो २०१३ मध्ये. त्या निर्णयाने सर्व जमिनी परत मिळाल्या असे मुळीच नाही. परंतु कागद नसणे म्हणजे हक्क नसणे नव्हे, एवढे तरी एका देशाच्या सर्वोच्च पातळीवरील न्यायासनाने मान्य केले. भाताची खाचरे आणि मिठागरे गमावलेल्या आगरी-कोळी गावांना अशा निर्वाळ्याची फार उणीव भासते.

कारण येथे सर्वांत अधिक हानी झाली ती कागद नसलेल्यांचीच. मिठागरावर राबणाऱ्या मजुराचे नाव कोणत्याही उताऱ्यावर नव्हते. मिठागर गेले तेव्हा त्याला मोबदला देण्याचे कारणच कायद्याला दिसले नाही. कोळ्याचे शेत खाडी. खाडीत भराव पडला, गाळ साचला, वाहत्या पाण्याची तोंडे बुजली, तरी संपादनाच्या नोटिशीत खाडीचा उल्लेख कोठून येणार? उरण परिसरातील मच्छीमारांनी हा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे नेला. २०१५ साली न्यायाधिकरणाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई देण्याचा निर्णय दिला. सातबारा नसलेल्या मिळकतीलाही किंमत असते, हे मान्य करणारा तो निर्णय म्हणून त्याचे महत्त्व रकमेहून मोठे आहे. त्याआधी न्हावा-शेवा बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवून उरणजवळ हनुमान कोळीवाडा वसविण्यात आला होता. नव्या घरांना वाळवी लागली आणि दुसऱ्यांदा पुनर्वसन व्हावे म्हणून त्या लोकांना दशकानुदशके अर्ज करावे लागले. पहिले घर बंदराने घेतले, दुसरे वाळवीने; यावर भाष्य काय करावे?

स्त्रियांचा विषय तर निघतच नाही. संपादनाच्या नोटिसा खातेदारांना आल्या आणि खातेदार बहुधा पुरुष होता. शेतात लावणी करणारी, मिठाची टोपली वाहणारी, मासळी विकून घर चालविणारी बाई त्या नोटिशीत नव्हती. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींना वडिलार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क दिला. नेमक्या त्याच काळात साडेबारा टक्क्यांच्या याद्या तयार होत होत्या. मग सासरी गेलेल्या बहिणींना माहेरी बोलावण्यात आले, साडी-चोळी झाली आणि हक्कसोडपत्रावर अंगठे उठले. कायद्याने दिलेले भावाच्या दारात सोडून जावे लागले, कारण माहेर तुटावयाचे नव्हते. कित्येक घरांत भूखंडाच्या किमती वाढल्यावर याच सह्यांवरून कोर्टकज्जे सुरू झाले. भावाबहिणींचे असे वैर पूर्वी या गावांत ऐकिवात नव्हते, असे म्हातारी माणसे सांगतात. त्यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण कारण खोटे नाही.

इतके सांगितल्यावर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. गरजेच्या नावाखाली गावांत व्यापारही झाला आहे. कुटुंबासाठी दोन खोल्या बांधणारा आणि दलालाशी संगनमत करून सहा महिन्यांत पाच मजले चढवून खोल्या विकणारा, या दोघांना एकाच वाक्यात बसविणे प्रामाणिकपणाचे नाही. दुसऱ्या प्रकारच्या इमारतींचा पाया, लोखंड, सिमेंट यांची तपासणी कोणी केलेली नसते. अग्निशमन दलाची गाडी गल्लीच्या तोंडाशीच अडते. अशा इमारतींत राहणारे लोक बव्हंशी गरीब भाडेकरू असतात. कंत्राटी कामगार, कारकून, शिकणारी मुले. उद्या पडझड झाली तर जीव त्यांचे जातील. प्रकल्पग्रस्तांच्या संघटनांनी या धंद्याविरुद्ध जेवढ्या मोठ्या आवाजात बोलावयास हवे होते, तेवढ्या आवाजात त्या बोलल्या नाहीत. पण हेही ध्यानात घ्यावे की, कायदेशीर बांधकामाचा परवाना मागण्याची वाटच जेथे नसते, तेथे गरजू आणि व्यापारी या दोघांनाही अंधारातच बांधावे लागते, आणि अंधारात व्यापाऱ्याचे अधिक फावते. परवानगी मिळण्याजोगी असती तर निदान प्रामाणिक माणूस ती मागावयास गेला असता आणि दुसरा कोण हे आपोआप उघडे पडले असते.

२०२२ सालच्या शासन निर्णयाने ठराविक अंतरातील अशी घरे शुल्क आकारून नियमित करण्याचे आणि त्यांखालील जमीन भाडेपट्ट्याने देण्याचे ठरविले. पन्नास वर्षे टांगती तलवार घेऊन राहिलेल्यांना यातही दिलासा वाटला तर नवल नाही. परंतु गावात त्याचे स्वागत थंडच झाले, आणि ते का, हे समजणे कठीण नाही. आजोबांच्या खळ्यातील घराचे भाडे महामंडळाला भरावयाचे, ही कल्पना माणसाला आतून लागते. येथे हिशेबापेक्षा प्रतिष्ठेचा प्रश्न आहे आणि प्रतिष्ठेचे प्रश्न शुल्काचे दर कमी करून सुटत नाहीत.

मग करावे काय? पहिले काम मोजणीचे. ९५ गावांपैकी प्रत्येकाची आजची वस्ती जशी आहे तशी मोजावी, त्यातील मूळ कुटुंबांची राहती घरे वेगळी काढावीत आणि १२२ व्या कलमाचा अधिकार वापरून तेवढ्या क्षेत्राला गावठाण म्हणून घोषित करावे. ग्रामीण भागात २०२० पासून 'स्वामित्व' योजनेखाली ड्रोन उडवून गावठाणांची मोजणी झाली. तिचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातील सोनोरीत झाला. पुणे जिल्ह्यातील खेड्याला जे मिळते, ते वाशी-नेरूळच्या गावाला केवळ महापालिकेच्या हद्दीत आहे म्हणून मिळू नये, यात न्याय नाही. राहत्या घराखालची जमीन मिळकत पत्रिकेवर मालकी हक्काने नोंदवावी, आणि त्या पत्रिकेवर नवऱ्याबरोबर बायकोचे नाव असावे. विकण्यासाठी बांधलेले मजले या सवलतीतून वगळावेत. त्यांना शहराचे नियम आणि शहराचा दंड लागू करावा. गल्ल्या रुंद करण्याची योजना गावाने, गावाच्या संमतीने करावी. एकत्र पुनर्बांधणीचा मार्ग ज्यांना हवा त्यांना तो खुला असावा, पण बहुमताच्या नावाखाली एखाद्या म्हातारीचे कौलारू घर जबरदस्तीने पाडण्याची सोय त्यात नसावी. या सर्वांतून महामंडळाचे काही भूखंड जातील, काही उत्पन्न बुडेल. शेतीच्या भावाने घेतलेल्या जमिनीवर अर्धे शतक ज्या संस्थेने शहर उभे केले, तिला एवढे सोसणे जड जाऊ नये.

हा विषय जुन्या जखमा उकरण्याचा आहे, असे कोणी म्हणेल तर त्याने जरा दक्षिणेकडे पाहावे. ज्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला आणि दहा गावे उठली, त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. तेथे परतावा साडेबारा टक्क्यांवरून साडेबावीस टक्क्यांवर आला. लढ्याचा एवढा परिणाम निश्चित झाला. पण त्याच्याही पलीकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या क्षेत्रात आणखी एक नवे नगर वसविण्याची अधिसूचना निघाली आहे. त्या नगराच्या नावात कर्नाळा आहे, साई आहे आणि चिरनेरही आहे. हे तेच चिरनेर, जेथे २५ सप्टेंबर १९३० रोजी आपल्या रानातले लाकूड तोडण्याच्या हक्कासाठी लोक अक्कादेवीच्या माळावर गेले आणि गोळीबारात सत्याग्रही धारातीर्थी पडले.

या १२४ गावांत अजून भात उभे आहे आणि गावठाणाच्या बाहेर बांधलेले प्रत्येक घर अजून कोणा ना कोणा शेतकऱ्याच्याच सर्वे नंबरात आहे. गावठाणाची हद्द वाढवून घेण्याचा अर्ज तेथील ग्रामसभेला आजही करता येतो आणि जिल्हाधिकाऱ्याला तो आजही मंजूर करता येतो. संपादनाची पहिली नोटीस येण्यापूर्वी मोजणीदाराची साखळी गावात फिरली पाहिजे, आणि त्या वेळी खाडीच्या काठची जाळी सुकविण्याची जागा, गुरांचे रान आणि भूमिहीनाची झोपडी हीही नकाशावर उतरविली पाहिजेत.